अपोलो बंदरावरील यॉट क्लब

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाकडे पाठ करून उभे राहिले, की समोर ताजमहाल हॉटेलचा घुमट दिसतो. येणाऱ्याजाणाऱ्यांची दृष्टी तेथेच खिळते. त्यामुळे ताजच्या उजव्या अंगाला असलेली, उतरत्या छपरांची आणि सज्जांची जुनी दगडी इमारत बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ती रॉयल बॉम्बे यॉट क्लबची वास्तू होय. तिच्यासमोरील बागेत 1961 च्या प्रजासत्ताकदिनी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तेथून थोडे उत्तरेला, समुद्राच्या काठाशी, याच क्लबची त्याहून जुनी एक वास्तू उभी आहे. तिच्यात मात्र आज शीड नाही, वल्हे नाही, की नौकानयनाशी संबंध असलेले दुसरे काही नाही. तेथे भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाची कार्यालये आहेत. तरीही तिचे नाव ‘ओल्ड यॉट क्लब’ असेच राहिले आहे. रोज तेथे जाणारे कर्मचारीही तिला दुसऱ्या नावाने क्वचितच संबोधतात.

एका इमारतीचे नाव तिच्यातून निघून गेलेल्या रहिवाशांवरून चालत राहावे, यात वावगे काही नाही. परंतु या क्लबाचा इतिहास पाहू लागले, की नावापलीकडचे काही प्रश्न उभे राहतात. ज्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे शिडाची जहाजे बांधली गेली व चालवली गेली, त्याच किनाऱ्यावर शिडाची नौका चालवण्याच्या छंदासाठी एक संस्था निघाली. आणि तिने किनाऱ्यावरच्या लोकांनाच आपल्या दाराबाहेर ठेवले. ही घटना कशी घडली आणि पुढे तिचे काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

शीड मागे पडू लागले तेव्हा

‘यॉट’ हा शब्द मूळचा डच भाषेतला. शिकार किंवा पाठलाग असा त्याचा अर्थ. उथळ पाण्यात चाचांचा पाठलाग करू शकणाऱ्या हलक्या, चपळ नौकांना डच लोक या नावाने ओळखीत. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स हा परागंदा अवस्थेतून 1660 मध्ये सिंहासनावर परत आला, तेव्हा अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरवासीयांनी त्याला अशी एक नौका भेट दिली. राजाला तिचे वेड लागले आणि दरबाऱ्यांना राजाचे. पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये, पोर्तुगालच्या राजकन्येशी ठरलेल्या विवाहाच्या करारात याच चार्ल्सला मुंबई बेट आंदण मिळाले. नौकेचा त्याला जितका आनंद झाला तितका या बेटाचा झाला नसावा. कारण 1668 मध्ये त्याने ते वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

हौशी नौकानयनाचे पहिले मंडळ आयर्लंडमधील कॉर्क येथे 1720 मध्ये निघाले, असे मानले जाते. इंग्लंडमधील सर्वांत मानाचे मंडळ, पुढे ‘रॉयल यॉट स्क्वाड्रन’ म्हणून प्रसिद्धीस आलेले, 1815 मध्ये स्थापन झाले. ही मंडळे मुख्यत्वे जमीनदारांची व सरदारांची होती. नौका बाळगणे खर्चाचे काम; आणि तो खर्च केवळ मौजेसाठी करता येतो हे दाखवणे, हाही त्या मौजेचाच एक भाग असे.

मुंबईच्या समुद्राचा इतिहास त्या काळी अगदी वेगळ्या वाटेने चालला होता. बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजे मराठ्यांच्या लहान होड्यांची ये-जा थांबवू शकली नाहीत. रात्रीच्या अंधारात, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून, जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याचा फायदा घेत या होड्या बेटावर रसद पोचवीत. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा व गलबते यांनी याच पाण्यात कंपनीच्या व्यापारी जहाजांना धाक बसवला. या नौका हलक्या असत, त्यांना पाणी थोडे लागे, आणि वारा पडला तर वल्ही काढता येत. डच लोकांनी ज्या कामासाठी यॉट बनवली, त्याच जातीचे काम त्या करीत होत्या. फक्त कोणी कोणाचा पाठलाग करावयाचा, एवढाच फरक होता.

जहाजबांधणीतही हा किनारा मागे नव्हता. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने गोदीत पिढ्यानुपिढ्या सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 साली पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांपैकी अद्याप पाण्यावर तरंगणारे ते सर्वांत जुने जहाज समजले जाते, आणि ते मुंबईच्या सुतारांच्या हातचे आहे.

अशा या शहरात 1846 मध्ये ‘बॉम्बे यॉट क्लब’ स्थापन झाला. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1830 मध्येच वाफेच्या बळावर सुएझपर्यंत जाऊन आली होती. टपाल, सैन्य आणि उच्चभ्रू उतारू यांची वाहतूक हळूहळू वाफेकडे वळत होती. शिडाला असलेले सरकारी महत्त्व ओसरू लागले होते, आणि नेमक्या त्याच काळात शिडाचा खेळ झाला. घोड्यांच्या शर्यतींचेही पुढे असेच झाले; रस्त्यावर मोटार आली तेव्हा घोडा नाहीसा झाला नाही, तो मैदानावर गेला.

मुंबईचे पाणी

हा खेळ मुंबईत का रुजला, याचे उत्तर तिच्या बंदरात आहे. पश्चिमेकडून मुंबईचे बेट आणि पूर्वेकडून मुख्य भूमी यांच्यामध्ये खुल्या समुद्राच्या लाटांपासून सुरक्षित असे विस्तीर्ण पाणी पसरलेले आहे. मध्ये घारापुरी, उरणच्या बाजूला करंजा, दक्षिणेला मांडवा, आणि अगदी बाहेर खांदेरीचे दीपगृह. शर्यतीसाठी लागणाऱ्या खुणा निसर्गानेच मांडून ठेवल्यासारख्या आहेत.

वाऱ्याचे वेळापत्रकही असेच ठरलेले. पावसाळा संपला की पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दहा-अकराच्या सुमारास ते पडतात. तासभर पाणी तेलासारखे निश्चल होते. मग दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतात. कचेरीतून लवकर सुटलेला माणूस चार वाजता नौकेत बसला, तर त्याला अंधार पडेपर्यंत चांगला वारा मिळे. खेळाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत. पावसाळ्यात सर्व नौका पाण्याबाहेर ओढून झाकून ठेवाव्या लागतात. कोळी बांधव याच काळात होड्या किनाऱ्याला लावतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात उतरतात. क्लबाचे सभासद नारळ अर्पण करीत नसत, पण वेळापत्रक कोळ्यांचेच पाळीत.

खरी परीक्षा असते ती भरती-ओहोटीची. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरहून अधिक अंतर पडते. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते. त्यामुळे बंदराच्या अरुंद भागात प्रवाहाला मोठा वेग येतो. वारा मंद असेल, तर नौकेचे शीड भरलेले दिसते, पाणी नाळेशी खळखळते, आणि तरीही किनाऱ्यावरच्या खुणा पाहाव्यात तर नौका मागे सरकत असते! कोणत्या वेळी प्रवाह कोठे सौम्य असतो, कोणत्या खडकाच्या आडोशाने जावे, हे नकाशावरून थोडे कळते. उरलेले तांडेलाकडून शिकावे लागते.

येथे कोकणी मचवा आणि इंग्रजी यॉट यांच्यातील भेद समजून घेणे उपयुक्त ठरेल. शिडाची कोणतीही नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याकडे जावयाचे असेल, तर त्याच्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस, असे नागमोडी जावे लागते. मचव्याचे तिकोनी शीड एका लांब तिरप्या काठीला बांधलेले असते आणि ती काठी डोलकाठीच्या एका अंगाला टांगलेली असते. बाजू बदलावयाची झाली, की ती काठी डोलकाठीला वळसा घालून दुसऱ्या अंगाला न्यावी लागते. हे चारपाच जणांचे, आणि चुकल्यास धोक्याचे, काम आहे. म्हणून मचव्याचा तांडेल शक्यतो लांब पल्ल्याची वळणे घेतो. उलट यॉटच्या मुख्य शिडाची पुढची कड डोलकाठीलाच लागून असते. दार बिजागरीवर फिरावे तसे ते शीड फिरते. दोघे-तिघे जण क्षणार्धात बाजू बदलू शकतात. शिवाय तळाशी जड धातूचा भार असल्यामुळे नौका कलली तरी पुन्हा सरळ होते. माल वाहण्याच्या दृष्टीने यॉट अगदीच कुचकामी. तिची सर्व रचना वाऱ्याशी चढाओढ करण्यासाठी असते. मचव्याला मात्र विटा, कौले, लाकूड आणि नारळ वाहावयाचे असतात. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे.

बंद दार

महाराणी व्हिक्टोरियाने 1876 मध्ये क्लबाला ‘रॉयल’ ही पदवी दिली. मुंबई त्या वेळी भरभराटीस आली होती. सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाल्याने विलायतेहून येणाऱ्याचे पहिले पाऊल मुंबईत पडू लागले, आणि तेही बहुधा अपोलो बंदरावर. या नावाचा ग्रीक देवतेशी काही संबंध नाही. स्थानिक ‘पालवा’ या नावाचे ते इंग्रजी रूप आहे. पालवा म्हणजे काय, यावर एकमत नाही. कोणी त्याचा संबंध पाला माशाशी जोडतात, कोणी होड्यांशी. मुंबईची जुनी मराठी मंडळी मात्र पुष्कळ काळ ‘पालवा बंदर’ असेच म्हणत राहिली.

या बंदराच्या काठी 1881 पर्यंत क्लबाची मुख्य वास्तू उभी राहिली. पाण्याला लागून हिरवळ, हिरवळीवर वेताच्या खुर्च्या, आणि समोर नांगरलेल्या नौका. सभासदांच्या मुक्कामासाठी रस्त्याच्या पलीकडे वास्तुशिल्पी जॉन अ‍ॅडम्स यांनी आखलेली दुसरी इमारत 1896 मध्ये बांधली गेली. आज क्लब ज्या इमारतीत आहे ती हीच. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी आढळला आणि शहर रिकामे होऊ लागले, हे योगायोगाने घडले असले तरी विसरता येत नाही. एकाच बेटाच्या दोन टोकांना दोन निरनिराळी शहरे नांदत होती.

थोड्याच अंतरावर आणखी एक देखणी इमारत आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेले आणि 1876 मध्ये पूर्ण झालेले हे खलाशांसाठीचे वसतिगृह होते. जहाजावर पोटासाठी राबणाऱ्या युरोपीय खलाशांना मुंबईतील दारूच्या गुत्त्यांपासून दूर ठेवावे, हा त्यामागचा हेतू. समुद्रावर मौजेसाठी जाणाऱ्यांची एक वास्तू आणि पोटासाठी जाणाऱ्यांची दुसरी. वसतिगृहाच्या वाट्याला मोठे भाग्य आले. 1928 नंतर तेथे मुंबई प्रांताचे कायदेमंडळ भरू लागले आणि 1981 मध्ये नवे विधान भवन तयार होईपर्यंत महाराष्ट्राचे कितीतरी निर्णय तेथे झाले. आता ते राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे.

यॉट क्लबाचे सभासदत्व युरोपीयांपुरते मर्यादित होते. त्या काळच्या मुंबईत ही एकमेव अशी संस्था नव्हती. 1833 चा भायखळा क्लब आणि 1875 चे बॉम्बे जिमखाना यांचीही तऱ्हा तीच. पण यॉट क्लबातील विसंगती अधिक ठळकपणे दिसे. सभासदांच्या नौका सांभाळणारे, रात्री नांगर धरला आहे की नाही ते पाहणारे, शिडे धुऊन वाळवणारे, धक्क्यापासून नौकेपर्यंत साहेबांना नेणारे खलाशी व तांडेल याच किनाऱ्यावरचे. क्लबाचे काम त्यांच्यावाचून एक दिवसही चालले नसते. म्हणजे भारतीय माणसाला नौकेवर प्रवेश होता, हिरवळीवर नव्हता.

ज्यांच्यापाशी पैसा, शिक्षण आणि मानमरातब होता, अशा भारतीयांना हे अधिक झोंबे. 1913 ते 1918 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. त्यांनी काही भारतीय पाहुण्यांना यॉट क्लबावर बोलावले. दारावरून पाहुण्यांना परत पाठवण्यात आले. आणि संतापलेल्या गव्हर्नरांनी सर्व जातिधर्मांना खुला असा नवा क्लब काढला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, तेव्हा त्यावर फार भर देणे योग्य नव्हे. विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब त्यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस निघाला आणि तेथे भारतीयांना सभासद होता येई, एवढे मात्र निश्चित. अर्थात हा खुलेपणाही संस्थानिक, बॅरिस्टर आणि गिरणीमालक यांच्यापुरताच होता.

दरम्यान क्लबासमोरचे पाणी दूर सरकत होते. पंचम जॉर्ज बादशहा आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी अपोलो बंदरावर उतरले. त्या स्मरणार्थ जॉर्ज विटेट यांनी आखलेली कमान उभारण्यासाठी समुद्रात भर घालण्यात आली आणि 4 डिसेंबर 1924 रोजी तिचे उद्घाटन झाले. त्याआधीच, 1903 मध्ये, जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल शेजारी उभे राहिले होते. तेथे पैसे मोजणाऱ्या कोणालाही खोली मिळे. क्लबाच्या सज्जात बसलेल्यांना रोज संध्याकाळी हे दृश्य दिसत असणार.

हिरवळीवरून प्रयोगशाळेकडे

18 फेब्रुवारी 1946 रोजी कुलाब्यातील ‘तलवार’ या नाविक केंद्रावर भारतीय नाविकांनी काम बंद केले. दुसऱ्या दिवशी बंड बंदरातील जहाजांवर पसरले. क्लबाच्या सज्जातून दिसणाऱ्या युद्धनौकांवरचे ब्रिटिश निशाण उतरवून तेथे काँग्रेसचे, मुस्लिम लीगचे आणि लाल, असे तीन झेंडे चढवण्यात आले. बंड पाच दिवसांत मिटले. पण समुद्रावरची सत्ता कोणाच्या बळावर चालते, हे त्या पाच दिवसांत सर्वांना कळून चुकले. 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री ही शेवटची ब्रिटिश पलटण गेटवेच्या कमानीतून बाहेर पडली.

स्वातंत्र्यानंतर लवकरच क्लब आपली मुख्य वास्तू सोडून मुक्कामाच्या इमारतीत आला. रिकाम्या झालेल्या वास्तूत जी संस्था आली, तिची सुरुवात मुंबईत नव्हे, बंगळूरला झाली होती. होमी भाभा केंब्रिजहून सुटीसाठी भारतात आले असताना 1939 मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे परत जाणे राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम पत्करले. तेथेच, टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने, 1 जून 1945 रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम सुरू झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती मुंबईस आली. पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्याचा अर्धा भाग तिला भाड्याने मिळाला; भाभांचा जन्मही याच बंगल्यातला. जागा लवकरच अपुरी पडू लागली आणि 1949 मध्ये संस्था जुन्या यॉट क्लबात गेली. कुलाब्याच्या टोकाला बांधलेल्या तिच्या स्वतःच्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते 15 जानेवारी 1962 रोजी झाले, तोपर्यंत ती येथेच होती. म्हणजे भारतातील अणुविज्ञानाची आणि आधुनिक गणिताची उमेदीची बारातेरा वर्षे या वास्तूत गेली.

या वास्तूत येणाऱ्यांपैकी एकाचा उल्लेख मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. गोव्यात जन्मलेले, धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी, 1946 पासून संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. ते राहत पुण्यात. सकाळी दख्खनच्या राणीने मुंबईस यावयाचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतावयाचे, हा त्यांचा क्रम. गणिताखेरीज त्यांनी भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती 1948 मध्ये सिद्ध केली, आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ 1956 मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहास म्हणजे राजांची नामावळी नसून उत्पादनाची साधने आणि माणसांचे परस्परसंबंध यांत होणाऱ्या बदलांची कहाणी आहे, असे मांडणारा हा विचारवंत कामाला जाई तो साम्राज्याने आपल्या विरंगुळ्यासाठी बांधलेल्या इमारतीत. त्यांचा स्वभाव पाहता, हा विनोद त्यांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

अणुऊर्जा विभाग 1954 मध्ये स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय मुंबईतच राहिले. संशोधन संस्था गेल्यावरही जुना यॉट क्लब विभागाकडेच राहिला. बंदरात ईशान्येकडे जाणाऱ्या नौकेवरून तुर्भ्याच्या टेकड्या दिसतात. त्यांच्या पायथ्याशी 1956 मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. जुन्या सभासदांनी बसल्या जागेवरून पाहिलेला किनारा आता त्यांच्याच वास्तूतून चालवल्या जाणाऱ्या विभागाच्या ताब्यात आला, आणि त्याच्या जवळ नौका नेण्यास मनाई झाली.

नौका कोणाच्या

क्लब मात्र बंद पडला नाही. भारतीय सभासद आले, कारभार त्यांच्या हाती आला. शहराचे नाव 1995 मध्ये अधिकृतपणे मुंबई झाले, तरी संस्थेने आपल्या नावातील ‘रॉयल’ही ठेवले आणि ‘बॉम्बे’ही. काहींना हे खटकते. काहींना त्यात जुन्या काळाची शान वाटते. इंग्रज आराखडाकार मॉर्गन जाइल्स यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या पाण्यासाठी आखलेल्या ‘सीबर्ड’ जातीच्या नौका स्वातंत्र्यानंतरही शर्यतींत उतरत राहिल्या. लाकडी नौका इतकी वर्षे टिकते ती दर पावसाळ्यात तिची डागडुजी होते म्हणून; आणि ती करणारे हात पिढ्यानुपिढ्या याच किनाऱ्यावरचे आहेत.

खेळ पसरला तो दोन वाटांनी. एक वाट मुंबईच्या पारशी व इतर नौकाप्रेमी कुटुंबांची, दुसरी सैन्यदलांची. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोली कॉन्ट्रॅक्टर आणि ए. ए. बसिथ यांनी भारतातर्फे नौकानयनात भाग घेतला. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या, पण दिल्लीला समुद्र नसल्याने नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या बंदरात घ्याव्या लागल्या. तेथे ‘फायरबॉल’ या दोघांच्या नौकेत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. ओळखीचे वारे आणि ओळखीची ओहोटी यांचा त्यांना उपयोग झाला नसेल, असे कोण म्हणेल? नौदलाचे होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग यांना 1993-94 चा खेलरत्न पुरस्कार मिळाला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बंगळूरच्या हलसूरु तलावावरही मद्रास सॅपर्सचे जवान शीड हाताळण्यास शिकू लागले. सैन्यात दाखल होईपर्यंत समुद्र न पाहिलेला खेड्यातला मुलगाही या वाटेने शर्यतीत पोचू लागला, ही जुन्या क्लबाला कल्पनेतही न दिसलेली गोष्ट होती. तरीही हा खेळ अद्याप महागच आहे. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातील मुलांना वारा व प्रवाह यांचे जे ज्ञान घरातच मिळते, ते शर्यतीच्या नौकेपर्यंत क्वचितच पोचते.

शर्यतीपलीकडचे साहस पुढे आले ते सैन्यदलांतूनच. स्थलसेनेच्या इंजिनिअर दलाच्या ‘तृष्णा’ या नौकेने 1985 ते 1987 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि ती मुंबईस येऊन पोचली. एका भारतीयाने एकट्याने ही प्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात फलटणजवळील विंचुर्णी या गावी राहत. समुद्रापासून इतक्या दूर बसून त्यांनी नौदलाला या मोहिमेसाठी राजी केले. नौका परदेशातून विकत न आणता देशातच बांधावयाचे ठरले. मांडवी नदीतील दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या लहानशा कारखान्यात छप्पन फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. आराखडा डच होता, हात गोव्याचे. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबत 19 मे 2010 रोजी परत आले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून 1 नोव्हेंबर 2012 रोजी मुंबई सोडली आणि कोठेही न थांबता 2013 च्या मार्चअखेर प्रदक्षिणा पुरी केली.

दिवाडच्याच कारखान्यात ‘म्हादेई’ची बहीण म्हणावी अशी ‘तारिणी’ बांधली गेली. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिच्यातून जगाला वळसा घातला. आणि 2024 च्या ऑक्टोबरात दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यातून निघाल्या व 2025 च्या मे महिन्यात गोव्यास परतल्या.